सायकल खारात घालण्याची कृती

रत्नागिरीत सायकल क्लबात नाव घातलंत ना? झकास. आता सायकल दुकानात न्यायची नाही, दुकानात जातात ते नवशिके. जुने सदस्य घरीच ओट्यावर उघडतात आणि जोडून झाल्यावर उरलेले नटबोल्ट फरसाणाच्या बरणीत जपून ठेवतात.

सुरुवात भाट्याच्या पुळणीवर करा. ओहोटीच्या ओल्या वाळूवर चाक काय सुरेख पळतं! फोटोसाठी जरा लाटेतही घाला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. कैऱ्यांच्या खाराला कमी पडेल, पण सायकल मुरायला भरपूर. घरी येऊन धुऊ नका, दमलेले असता. धुवायचीच तर मोटारी धुतात त्या जोराच्या फवाऱ्याने थेट हबवर मारा. आतलं ग्रीस जातं, पाणी बसतं आणि आठवड्याभरात छरे भाजल्या पोह्यांसारखे कुरकुरतात.

तेलाचं सांगतो. चेनच्या तेलाच्या इवल्याशा बाटलीची किंमत बघून आमच्यातल्या एकाने (मीच तो, लपवून काय करू) घाण्याचं खोबरेल घातलं. मे महिन्यात दृष्ट लागेल अशी चालली. खोबरेल २४ अंशांखाली थिजायला लागतं हे लहानपणापासून माहीत होतं, पण ते डोक्याला लावायच्या तेलाबद्दल! जानेवारीतल्या एका पहाटे चेनवर पांढरी साय धरलेली, तिच्यात जांभ्याची लाल धूळ. दिसायला थेट नारळाची वडी. गिअर मात्र एकही पडेना.

डावं पायडल काढायचं असेल तर चारचौघांना बोलवा. त्याचे आटे उलटे असतात, ही माहिती कुणालाही असता कामा नये. आम्ही पान्याला हातभर पाइप लावला, दोघांनी सायकल धरली, दोघे लोंबकळले, ‘मोरया’ झालं. शेवटी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी विडी बाजूला ठेवून पाना उलट्या बाजूला टेकवला आणि वर टाच मारली. निघालं.

‘काका, किती द्यायचे?’

‘काढायचे काय नाय वो. तुम्ही आवळलंत एवढं, त्याची मजुरी तुम्हालाच द्यायला हवी.’

ब्रेक किंचाळत असेल तर डिस्कवर तेलाचा फवारा मारा. आवाज जागच्या जागी बंद. आमच्या खजिनदारांनी मारला. आरे-वारेच्या उतारावर ब्रेकचा जरासुद्धा आवाज आला नाही, खजिनदारांचा आला. ते सुरूच्या बनात थांबले, म्हणजे सुरूने थांबवले. माणूस धड होता. पुढच्या चाकाचे आरे सात मोडले आणि वारं दोन्ही चाकांतलं गेलं, गावाच्या नावाला बाध येऊ दिला नाही.

मग मदतीला अख्खा क्लब धावला. ट्यूबा चार निघाल्या, चारही दुसऱ्याच मापाच्या. पंप दोन, दोन्ही जाड तोंडाच्या व्हॉल्व्हचे. खजिनदारांचा व्हॉल्व्ह बारीक. ठिगळाची डबी निघाली, तिच्यातलं सोल्युशन सुकून खडा झालेलं. पाने मात्र एकवीस. तासाभराने जयगडकडून मासळीचा टेंपो आला. टेंपोवाला उतरला, चेनीला बोट लावून वास घेतला आणि विचारता झाला,

‘बर्फात घालू, की अशीच टिकेल घरापर्यंत?’