‘व्हीएआरने काहीच सुधारलं नाही’ या दाव्याला उत्तर

एखादा सामना वादात सापडला की एक मजकूर हमखास पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: व्हीएआरमुळे, म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानावरच्या पंचाचे निर्णय तपासण्याच्या व्यवस्थेमुळे, फुटबॉलमधली पंचगिरी काडीचीही सुधारलेली नाही, आधी मैदानावरचा माणूस चुकायचा, आता पडद्यासमोर बसलेला चुकतो. पुराव्यादाखल लिव्हरपूल क्लबच्या लुईस डियाझचा २०२३ मधला नाकारलेला गोल, वाया जाणारा वेळ, नखाएवढे ऑफसाइड (सहकाऱ्याने पास दिला त्या क्षणी आक्रमक शेवटच्या बचावपटूच्या पुढे असणं) आणि ‘शेवटी मत ते मतच’ हा टोला. मागणी एकच, बंद करा. मजकूर चटपटीत आहे, पण एकेक मुद्दा हाताशी घेतला की तो फारसा टिकत नाही. एका ठिकाणी तर स्वतःच्या बाजूचा सर्वात चांगला मुद्दाच लिहिणाऱ्याला सुचलेला नाही.

‘चुका होत्या तेवढ्याच आहेत.’

मोजून पाहिलं तर नाहीत. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांसोबत १३ देशांतल्या २,१९५ सामन्यांचा अभ्यास केला. व्हीएआर ज्यांत लक्ष घालू शकतो अशा प्रसंगांत मैदानावरचा पहिला निर्णय ९२.१ टक्के वेळा बरोबर होता. व्हिडिओ पाहून झाल्यावरचा अंतिम निर्णय ९८.३ टक्के वेळा. सहा टक्के किरकोळ वाटतात, कारण आपण बरोबर निर्णय मोजत बसतो. चुका मोजा. शंभरात जवळपास आठ होत होत्या, त्या दोनाच्याही खाली आल्या. व्हिडिओ पाहून बरोबर निर्णय बिघडवल्याचे प्रकारही घडतात, ९८.३ हा आकडा ते धरूनचा आहे. इंग्लंडमधली सर्वोच्च स्पर्धा, प्रीमियर लीग, स्वतःचे आकडे ८२ वरून ९६ टक्के असे सांगते. ते लीगने स्वतःच्याच व्यवस्थेला दिलेले गुण आहेत, म्हणून त्यांवर फार भिस्त ठेवू नका. पण दिशा तीच आहे.

मग सुधारणा जाणवत का नाही? कारण दुरुस्त झालेली चूक कुणाच्याच लक्षात राहत नाही. १९८६ मध्ये मॅराडोनाने हाताने केलेला गोल सगळ्यांना पाठ आहे, २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या गोलआधी चेंडूला लागलेला थिएरी ऑन्रीचा हातही. आता २७ जून २०१८ ला रशियातल्या विश्वचषकात, कझानमध्ये काय झालं ते विचारा. जर्मनी आणि दक्षिण कोरिया ०-० वर होते. भरपाई वेळेत कोरियाच्या किम यंग-ग्वॉनने चेंडू जाळ्यात मारला आणि ऑफसाइड म्हणून सहायक पंचाचा झेंडा वर गेला. चेंडू किमकडे आला तो जर्मनीच्याच टोनी क्रूसकडून, हे व्हिडिओत दिसलं आणि ऑफसाइडचा प्रश्नच मिटला. गोल मिळाला, कोरिया २-० ने जिंकला. तो झेंडा तसाच राहिला असता तर त्यावर आजही भांडणं चालली असती. राहिला नाही, म्हणून आठवणीत फक्त जर्मनी हरल्याचं उरलं.

‘डियाझचा गोल हाच पुरावा.’

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. डियाझ ऑफसाइड नव्हता, पण मैदानावर तो ऑफसाइड ठरवून गोल नाकारला गेला. व्हिडिओ पंचाला चित्र बरोबर दिसलं. मात्र मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत त्याने ‘तपासणी पूर्ण’ म्हणून टाकलं. खेळ सुरू झाला, आणि एकदा खेळ सुरू झाला की नियमाने मागे जाता येत नाही. पंचांच्या संघटनेने ही मोठी मानवी चूक असल्याचं कबूल केलं.

लाजिरवाणाच प्रकार, यात शंका नाही. पण त्या दिवशी व्हीएआर नसता तर काय झालं असतं? गोल नाकारलाच गेला असता. मूळ चूक मैदानावरची होती; व्हिडिओची संधी वाया गेली, नवी चूक घडली नाही. शिवाय कुणी काय ठरवलंय हे नीट बोलून घ्यायचं नाही, हा दोष संवादाच्या शिस्तीचा आहे. ती शिस्त बसवता येते. सहायक पंचाची नजर काही तशी बदलता येत नाही.

‘खेळ थांबत राहतो.’

ल्यूव्हेनच्या त्याच अभ्यासात तपासणीला लागणाऱ्या वेळेचा मध्यक २२ सेकंद निघाला, म्हणजे निम्म्या तपासण्या त्याच्या आत संपल्या, आणि बहुतेक तपासण्या खेळ चालू असतानाच उरकतात. चीड आणतात त्या चार-पाच मिनिटं रेंगाळणाऱ्या मोजक्या तपासण्या, त्यातही स्टेडियममध्ये बसलेल्याला काहीच कळत नाही तेव्हा. तक्रार रास्त आहे. २०२३ पासून काही स्पर्धांत पंच निर्णय माइकवरून सांगू लागले ते याचसाठी. पण हा मुद्दा प्रेक्षकाच्या अनुभवाचा झाला. त्यातून निर्णय चुकल्याचं सिद्ध होत नाही.

‘नखाएवढा ऑफसाइड हा मूर्खपणा आहे.’

इथे मजकुरात थोडं तथ्य आहे, पण बोट भलतीकडे दाखवलं आहे. सेकंदाला ५० चित्रं टिपणारा कॅमेरा घ्या. दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदाचं अंतर पडतं. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे सरकतो. पास नेमका कोणत्या क्षणी सुटला हे त्या दोन चित्रांच्या मध्ये हरवलं, तर एखाद्या सेंटिमीटरवरून गोल रद्द करणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणं. पूर्वी पडद्यावर रेषा ओढून हेच चालायचं, आणि त्यावर झालेली टीका योग्य होती. प्रीमियर लीगने २०२१ पासून रेषा जाड केल्या, त्या शंकेचा फायदा आक्रमकाला मिळावा म्हणून.

२०२२ च्या कतार विश्वचषकात हे चित्र पालटलं. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपलेले, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा. त्यामुळे पास सुटल्याचा क्षण बराच घट्ट पकडता येतो. स्पर्धेतला पहिलाच ‘गोल’, इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा, याच यंत्रणेने रद्द केला.

आता याची तुलना कशाशी करायची? सहायक पंचाला एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहावं लागतं, पास देणाऱ्याकडे आणि शेवटच्या बचावपटूकडे. तो त्या बचावपटूच्या अगदी रेषेत नसेल तर कोनामुळेच चित्र फसवं दिसतं. नखावरून गोल जाऊ नये असं वाटत असेल तर ऑफसाइडचा नियम बदला, सवलतीचं अंतर ठरवा. मोजमाप नीट झालं म्हणून मोजपट्टीवर राग काढण्यात काय अर्थ?

‘शेवटी मत ते मतच.’

लिहिणाऱ्याने इथे टोला मारला आणि पुढे निघून गेला. थांबायला हवं होतं, कारण व्हिडिओविरुद्धचा सर्वात भक्कम आक्षेप इथेच आहे: स्लो मोशन. पंचांवर झालेल्या प्रयोगांत संथ गतीने पाहिल्यावर तोच फाउल अधिक गंभीर वाटला आणि कार्डं अधिक कडक निघाली. पाय थबकत थबकत घोट्यावर उतरताना दिसला की प्रत्येक टॅकल मुद्दाम केल्यासारखं वाटतं. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला की नाही हे व्हिडिओने निर्विवाद दाखवलं. तो दंडनीय होता का, यावर पंच नेस्टर पिटाना पडद्यापाशी बराच वेळ खोळंबले आणि मग त्यांनी फ्रान्सला पेनल्टी दिली.

नियमावलीत यावर तोड आहे: स्पर्श कुठे झाला, खेळाडू कुठे होता, हे संथ गतीने बघा, धक्क्याचा जोर मात्र मूळ वेगाने. प्रत्यक्षात पंचाला पडद्यापाशी बोलावून आधी गोठवलेलं चित्रच दाखवलं जातं, असं मला अनेकदा दिसतं. तिथे सुधारणेला भरपूर वाव आहे. म्हणून वस्तुस्थिती आणि मत यांत फरक ठेवायला हवा. रेषा, ऑफसाइड, फाउल पेनल्टी क्षेत्राच्या आत की बाहेर, खेळाडू कोणता, इथे व्हिडिओचा फायदा निखळ आहे. हँडबॉल आणि टॅकलच्या जोराबाबत तो कमी आहे.

‘म्हणून बंद करा.’

ही मागणी करणारे क्लब आहेत. स्वीडनच्या क्लबांनी व्हीएआर आणूच दिला नाही. नॉर्वेत २०२५ च्या सुरुवातीला वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांचं बहुमत विरोधात गेलं, तरी मार्चमध्ये महासंघाच्या सभेने तो ठेवला. इंग्लंडमध्ये २०२४ साली वुल्व्ह्ज या क्लबने तो रद्द करण्याचा ठराव आणला आणि तो १९ विरुद्ध १ असा पडला. त्या ठरावामागची कारणं वाचण्यासारखी आहेत: गोलच्या जल्लोषावर पडलेलं विरजण, प्रेक्षकांचा गोंधळ, रेंगाळणारा खेळ. आणि अचूकतेबद्दल? तिच्यात थोडी वाढ झाली आहे, पण तिची किंमत परवडणारी नाही, असं वुल्व्ह्जचं म्हणणं होतं. ‘थोडी’ या शब्दावर मी त्यांच्याशी भांडेन. किमतीवर चर्चा जरूर करू. पण वाढ झालीच नाही, असं तर वुल्व्ह्जही म्हणाले नव्हते.