पनामाला गॅलरी पाहिजे

आमच्या घराण्यात भांडायला इस्टेट नव्हती, म्हणून आम्ही खिडकीवरून भांडत आलो. एसटीत खिडकी, पंचवटी एक्सप्रेसमध्ये खिडकी, आणि कसारा घाटात दरी कुठल्या बाजूला यावरून तर काही अबोले अजून चालू आहेत. पण खिडकीचे वेगळे पैसे पडतात, आणि किती पडतात त्याचा रीतसर तक्ता असतो, हे लेकीने क्रूझ ठरवेपर्यंत कोणाला माहीत होतं?

लेक अमेरिकेत असते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून तिने पनामा कालव्याची सफर द्यायचं ठरवलं. फ्लोरिडातून निघायचं, कॅरिबियन समुद्रातून कालव्यात शिरायचं, पलीकडे पॅसिफिकमध्ये उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कॅलिफोर्निया गाठायचं. साधारण दोन आठवडे. "बाबा, बाकी सगळं मी बघते. केबिन कुठली हवी ते तेवढं तुम्ही दोघं ठरवा," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिच्याकडे रात्र होती, ती झोपली. आम्ही जागे झालो.

आईला कालवा म्हणजे आमच्या नाशिकच्या गंगापूर धरणाचा पाट. "पाटातून जहाज नेतात? मग ज्याचं आवर्तन असेल त्याने काय करायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तक्ता वाचायला घेतला.

सगळ्यात स्वस्त ती आतली केबिन. हिला खिडकीच नसते. "मग सकाळ झालेली कळायची कशी?" बायकोने विचारलं. घड्याळ असतं, मी म्हणालो. "घड्याळ बारा दाखवेल. ते दुपारचे की रात्रीचे?" आई म्हणाली, अडगळीच्या खोलीत झोपायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याकडे आहे की. त्यानंतर खिडकीवाली केबिन. खिडकी मोठी असते, पण उघडत नाही. मग बाल्कनीवाली. तिच्याही वरचा प्रकार म्हणजे 'सूट', दिवाणखान्यासकट ऐसपैस केबिन. त्याचा आकडा मी मनातल्या मनात वाचला आणि पान उलटलं. शिवाय एक प्रकार असा, की पैसे आधी भरायचे, प्रकार ठरलेला, पण नेमकी कुठली खोली ते जहाज कंपनी नंतर कळवणार. "म्हणजे म्हाडाची लॉटरी," ही म्हणाली, आणि तो प्रकार तिथेच बाद झाला.

बायकोचा जीव बाल्कनीवर जडला. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटला बिल्डरने दोन गॅलऱ्या दिल्या आणि त्यांचे पैसे चौरस फुटाच्या भावाने वसूल केले. ताबा मिळाल्यावर पहिल्या पावसाआधी एकीला ग्रील लागलं. मग स्लायडिंग. मग आत वॉशिंग मशीन गेलं, त्याच्यावर आकाशकंदिलाचं खोकं आणि त्याच्यावर एक बंद पडलेला टेबलफॅन, जो कधीतरी दुरुस्त होणार आहे. दुसरी गॅलरी आईची तुळस, कोरफड आणि गव्हाच्या कोठीला दिलेली. घर घेताना गॅलरीतून गोदावरी दिसते असं माहितीपत्रकात छापलं होतं. दिसते, फक्त त्यासाठी मशीनवर उभं राहावं लागतं. आमच्या सोसायटीत एकूण एक घराची हीच कथा. पैसे मोजून गॅलरी घ्यायची आणि पैसे मोजून ती बंद करायची. आणि आता याच बाईंना समुद्रात गॅलरी हवी होती, आतल्या केबिनपेक्षा दोघांचे मिळून लाखाच्या वर जास्त मोजून.

"तिथे काय मशीन ठेवणार आहेस?"

"टॉवेल वाळतील."

टॉवेलही वाळणार नव्हते. जहाजावर बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला मनाई असते. हे मी सांगितल्यावर हिचा बाल्कनीतला रस निम्म्यावर आला असता, पण तेवढ्यात साडूभाऊ आले.

साडूभाऊंनी मुंबई-गोवा क्रूझ केलेली आहे. तेव्हापासून ते डाव्या बाजूला 'पोर्ट' आणि उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात, स्कूटरवरसुद्धा. "बाल्कनीशिवाय क्रूझ म्हणजे पैसे पाण्यात," त्यांनी निकाल दिला आणि चिवड्याची बशी जवळ ओढली. "पनामात तर बाल्कनी पाहिजेच. आणि स्टारबोर्डच. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणार, उजवीकडे उत्तर, ऊन नाही लागणार."

ऐकायला चोख होतं. घोळ एवढाच, की पनामाचा भूभाग मध्येच वाकडा झालेला आहे आणि कालवा पूर्व-पश्चिम जातच नाही. तो वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. अटलांटिककडून शिरलेलं जहाज पॅसिफिकला बाहेर पडतं, तेव्हा ते निघाल्या जागेच्या पूर्वेला आलेलं असतं! मी मोबाइलवर नकाशा दाखवला. साडूभाऊंनी आधी नकाशा फिरवला, मग मोबाइल फिरवला, मग स्वतः फिरून बसले. आमचा प्रवास जानेवारीतला. तेव्हा सूर्य दक्षिणेला, म्हणजे ऊन उजव्या बाजूला. त्यांची स्टारबोर्डची बाल्कनी दुपारी पापड वाळवायच्या कामाची.

यावर तोडगा म्हणून समोरच्या इमारतीतल्या काकांना बोलावलं. काका दिंडोरी रोडच्या मेरीतून, म्हणजे सरकारच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतून, निवृत्त झालेत. धरणं, दरवाजे, विसर्ग यांत त्यांचं आयुष्य गेलंय, आणि ते पाण्यावर बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. येताना ते एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकृती काढूनच आले.

"कालवा 80 किलोमीटरच्या आसपास," काका म्हणाले. "मधे गाटून तलाव, समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंच. जहाज तीन पायऱ्यांनी वर चढवायचं, तलाव ओलांडायचा, पुढे आधी एक आणि मग दोन अशा तीन पायऱ्या उतरवायचं. आणि पंप?" त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "पंप एकही नाही! तलावाचं पाणी नुसतं उताराने भुयारांतून लॉकमध्ये, म्हणजे पायरीच्या दोन्हीकडून दरवाजे असलेल्या हौदात, येतं आणि अख्खं जहाज उचलतं. 1914 साली केलंय हे. तारीखसुद्धा 15 ऑगस्ट."

"26 मीटर म्हणजे दुतोंड्या मारुती बुडेल?" आईने विचारलं. गोदावरीचा पूर आम्ही नाशिककर या मूर्तीवरून मोजतो.

"कुठे होता तेही कळायचं नाही."

आईने हात जोडले. काका रंगात आले. जुन्या लॉकमधून एक जहाज पार करायला जवळजवळ 20 कोटी लिटर गोडं पाणी खर्ची पडतं, आणि ते शेवटी समुद्रात जातं. 2023 मध्ये पावसाने ओढ दिली, तलाव खाली गेला, तेव्हा दिवसाला किती जहाजं सोडायची यावरच मर्यादा आली. "आणि आपण जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की कोर्टात जातो," असं म्हणून ते समन्यायी पाणीवाटपाकडे वळले. त्यांना तिथून परत पनामात आणायला आणखी एक चहा लागला.

परत आल्यावर त्यांनी बाल्कनीच्या मुळावरच घाव घातला. जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर. त्यातून 32.3 मीटर रुंदीपर्यंतची जहाजं जातात. 2016 मध्ये याहून मोठ्या जहाजांसाठी शेजारी नवी लॉक सुरू झाली, पण आमचं जहाज जुन्याच वाटेचं, जेमतेम मावणारं. "मग प्रत्येक बाजूला राहिलं किती?" काकांनी पेन्सिल साडूभाऊंवर रोखली. साडूभाऊ चिवडा चावत राहिले. "साठ सेंटिमीटर! खालच्या मजल्याला बाल्कनी घेतलीत तर समोर काय दिसणार? भिंत."

भिंतच दिसते. त्या रात्री आम्ही टीव्हीवर कोणीतरी आपल्या बाल्कनीतून केलेलं चित्रण पाहिलं. ओलं, काळपट काँक्रीट, त्यावर शेवाळाचे आडवे पट्टे, कुठेतरी एक गंजलेली कडी, आणि हे सगळं इतकं जवळ की चित्रण करणाऱ्याने हात लांब करून भिंतीला बोट लावून दाखवलं. पाणी भरत गेलं तशी भिंत सावकाश खाली सरकत गेली. बराच वेळ भिंत. मग भिंतीची कड, मग रुळ, रुळावर एक चंदेरी इंजिन, आणि त्याच्यामागे हिरवळ. साडूभाऊ म्हणाले, ती इंजिनं जहाज ओढतात. काकांनी तेही राहू दिलं नाही. जहाज आपल्याच ताकदीवर चालतं, इंजिनं फक्त तारा ताणून त्याला मधोमध धरतात, भिंतीला घासू नये म्हणून.

आमच्या स्वयंपाकघरातून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. तो देखावा मला फ्लॅटबरोबर फुकट मिळाला होता.

"बाल्कनीत डास येतील का?" बायकोने एकदम विचारलं. विनोद वाटेल, पण त्या कालव्याच्या बाबतीत याहून महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. फ्रेंचांनी 1881 मध्ये खोदायला घेतलं आणि 1889 मध्ये कंपनी बुडाली, तोवर मलेरिया आणि पीतज्वराने हजारो माणसं गेली होती. दोष दलदलीच्या हवेला दिला जात होता. इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, आणि डास त्याच वाट्यांत वाढत. मलेरिया डासामुळे पसरतो हा धागा रोनाल्ड रॉसच्या हाती 1897 मध्ये लागला, तोही आपल्या सिकंदराबादला. अमेरिकनांनी 1904 मध्ये काम हाती घेतलं, ते डासांपासूनच सुरू केलं. हे ऐकल्यावर ही उठली, आईच्या गॅलरीत गेली आणि तुळशीखालची ताटली ओतून आली. कालव्याचा आमच्या घराला झालेला हा पहिला प्रत्यक्ष फायदा.

एव्हाना बाल्कनी डळमळली होती. साडूभाऊंनी शेवटचा प्रयत्न केला: निदान डावीकडची घ्या, सावली तरी मिळेल, मिराफ्लोरेसच्या लॉकवर प्रेक्षकांचे सज्जे डावीकडेच आहेत, लोक हात हलवतात. तेही खरं. पण जुन्या लॉकना जोडमार्ग आहे, आणि आपलं जहाज डाव्यातून जाणार की उजव्यातून हे त्या दिवशी ठरतं. शेजारच्या मार्गात एखादं मालवाहू जहाज येऊन उभं राहिलं, की हात हलवायला समोर फक्त कंटेनर.

मला विचाराल तर कालवा बाजूने पाहायची चीजच नाही. दरवाजे समोर उघडतात. ओळीने पायऱ्या समोर दिसतात. क्युलेब्राचा डोंगर कापून काढलेली खिंड समोरून अंगावर येते. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, दोन माणसं वल्ही मारत एक छोटी होडी घेऊन येतात आणि या अजस्र जहाजाला पहिला दोर जोडून देतात, तीही पुढेच. बाल्कनीवाल्याला लाखभर रुपये जास्त देऊन अर्धा कालवा दिसतो. पुढच्या उघड्या डेकवर तो अख्खा दिसतो, फुकट. आतल्या केबिनवाल्यालाही आणि सूटवाल्यालाही. बाल्कनी खरी उपयोगी ती उरलेल्या दिवसांत, जेव्हा समोर नुसता समुद्र असतो आणि नवरा-बायकोला बोलायला काही उरलेलं नसतं. एका अमेरिकन माणसाने तर 1928 मध्ये हा कालवा पोहून पार केला. त्याच्या वजनाप्रमाणे 36 सेंट टोल लावला. केबिनचा प्रश्नच मिटला.

"पण पुढच्या डेकवर गर्दी होत असेल ना?" बायको म्हणाली. होते, लोक उजाडायच्या आत कठडा धरतात. हे ऐकून आमच्या घरात बऱ्याच वेळाने समाधान पसरलं. मनमाडहून भरून आलेल्या गाडीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना पनामाची काय भीती!

मग लेकीला फोन लावला. तिने जहाजाचा नकाशा उघडून सांगितलं, एक खिडकीवाली केबिन स्वस्तात आहे, आतलीपेक्षा किंचितच जास्त. उजेड येईल, सकाळ झालेली कळेल. "पण बाबा, दिसणार काही नाही. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे. म्हणून तर स्वस्त आहे."

बायकोचा चेहरा उजळला. "बरोब्बर खिडकीसमोर? आपल्याच?"

"हो आई, बाहेरचं सगळं झाकतं त्याने."

"झाकू दे! हीच घे. आत्ताच्या आत्ता घे, नाहीतर कोणीतरी पळवेल."

साडूभाऊंनी बशी खाली ठेवली. त्यांच्या गोव्याच्या बाल्कनीसमोर लाइफबोट नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईने काकांना विचारलं, अशा एका होडीत माणसं किती मावतात?

"दीडशेपर्यंत."

"मग गर्दी होणार," आई म्हणाली. "तुम्ही आपले आधीच जाऊन बसा."