टॅक्स: हात लावणं की मोल ठरवणं?

वकिलाच्या एका वाक्यानं वादाला तोंड फुटलं. "टॅक्स या शब्दात जबरदस्ती जन्मापासूनच आहे," तो म्हणाला. नानांचं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. त्यांना हे अजिबात पटलं नाही, आणि मलाही नाही.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिन 'टॅक्सारे'वरून. टॅक्सारे म्हणजे मोल ठरवणं, अंदाज बांधणं. पैसे काढून घेणं हा अर्थ मागाहून चिकटला. मी एवढं सांगितलं तर वकील म्हणाला, "अर्धंच सांगतोयस. टॅक्सारेचा दुसरा अर्थ दोष देणं. आणि त्याच्याही मागे बहुधा 'टांगेरे' आहे, म्हणजे स्पर्श करणं. दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा आणि वर त्यालाच बोल लावायचा!"

"अरे, पण मालाला हात न लावता मोल ठरेल कसं?" नाना म्हणाले. "धान्य मुठीत घेऊन बघतात, कापड चिमटीत धरून बघतात. आपणसुद्धा कराची आधी आकारणी म्हणतो, मग वसुली. क्रम बघ ना."

नानांचा हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इंग्रजीतला 'टास्क' हाही टॅक्सचा सख्खा भाऊ. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'टॅक्सा'तली अक्षरं उलटसुलट होऊन 'टास्का' झालं, आणि त्यातून टास्क. एकानं अंगावर रक्कम नेमून दिली, दुसऱ्यानं काम. 'सेस', म्हणजे उपकर, हे तर 'असेस'चंच, म्हणजे आकारणी करणं या शब्दाचंच तुटलेलं रूप, आणि असेसच्या मुळाशी आहे शेजारी बसणं: न्यायाधीशाच्या बाजूला बसून रक्कम ठरवणारा माणूस. एवढे शब्द मोजण्याकडेच बोट दाखवत असतील तर त्याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "लॅटिनपर्यंत कशाला जाता? लुंबिनीचा खांब वाचा." अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तिथे गेला, आणि बुद्धाचं जन्मस्थान म्हणून त्या गावाला त्यानं सवलत दिली. ती खांबावर दोनच शब्दांत कोरलेली आहे: 'उबलिके' आणि 'अठभागिये'. बलि माफ, आणि उत्पन्नातला राजाचा भाग फक्त आठवा. परंपरेनं राजाचा वाटा सहावा मानलेला, म्हणजे तोही कमी केला. "आता शब्दांकडे बघा," मास्तर म्हणाले. "देवाला वाहतात तोही बलि आणि राजाला देतात तोही बलि. भाग म्हणजे सरळ वाटणी. आणि विष्टि म्हणजे राजासाठी फुकट राबणं, तीच आपली वेठ. नजराणा, वाटणी, राबणूक या तिन्ही गोष्टींना निरनिराळी नावं होती. आज त्या सगळ्यांसाठी आपण एकच शब्द वापरतो."

"मग माझंच खरं," वकील म्हणाला. "बलि हे गोड नाव. आत सक्तीच."

इथे मात्र तो बरोबर बोलत होता. वसूल करणाऱ्यांना गोड नावांचा सोस फार जुना. जर्मनमध्ये कराला 'श्टॉयर' म्हणतात, त्याचा जुना अर्थ आधार, मदत. इंग्लंडच्या राजाची एक वसुली चक्क 'एड' नावाची होती, तीही मदतच. चौथ्या एडवर्डनं पंधराव्या शतकात श्रीमंतांकडून पैसा काढला त्याचं नाव 'बेनिव्हॉलन्स', म्हणजे सदिच्छा! नकार द्यायची सोय नसलेली सदिच्छा. माझं म्हणणं एवढंच की या घोळक्यात टॅक्स हा सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे. तो मदत म्हणत नाही, भेट म्हणत नाही. तुझ्याकडे काय आहे ते पाहून रक्कम ठरवली, असं तोंडावर सांगतो.

वकिलानं मग १६२८ काढलं. इंग्लंडच्या संसदेनं पहिल्या चार्ल्सपुढे हक्कांचा अर्ज ठेवला, तो त्याला मान्य करावा लागला. त्यात मागणी होती की संसदेच्या कायद्यानं दिलेल्या संमतीशिवाय कुणालाही भेट, कर्ज, सदिच्छा किंवा टॅक्स द्यायला भाग पाडू नये. "चारही शब्द एका ओळीत!" तो म्हणाला. "त्या लोकांना तुझ्या प्रामाणिक शब्दाचं कौतुक नव्हतं. संमती नसेल तर टॅक्स आणि सदिच्छा सारखेच."

मला हे खोडता येईना, पण सोडवेनाही. संमती हवीच. पण संमती नेमकी कशाला द्यायची, हे आकडा समोर आल्याशिवाय कळणार कसं?

नाना म्हणाले, "आकारणी चुकली अशी तक्रार करता येते. सदिच्छा चुकली असं कुणी म्हणेल का?"

"करता येते," वकील म्हणाला, "पण ती ऐकून घ्यायला राजाला भाग पाडणारं कुणीतरी लागतं. तेवढ्यासाठी तो अर्ज होता."

मास्तरांना दोघांचंही पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, अशोकाकडे कुणी अर्ज नेल्याचं त्या खांबावर कुठेही नाही, तरी सवलत आहे. त्यावर वकील आणि नाना पहिल्यांदाच एका बाजूला झाले.