आमच्या भुतांचा सातबारा

आपल्याकडची चांगली भुतं जवळजवळ सगळी इस्टेटीच्या भानगडीतून उठलेली आहेत, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात शनिवारवाड्यापासूनच करा. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गादीपायी. पोरगा जिवाच्या आकांताने ज्या काकांकडे धावला, ते काकाच कटात. रात्री तिथे हाक ऐकू येते म्हणणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतील. मला हाकेपेक्षा त्या चुलत्या-पुतण्याचं जास्त भय वाटतं. पेठेत वाढलेल्या कुणालाही वाटेल. वाड्याच्या दारात बिल्डर उभा राहिला की सख्खे भाऊ एकमेकांशी वकिलामार्फत कसे बोलायला लागतात, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून 'तुंबाड' हा सिनेमा इतका खोल लागतो. २०१८ साली आला तेव्हा गर्दी बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. मूळ बीज भयकथाकार नारायण धारपांच्या कथेचं, आणि धारप वाचून वाढलेल्यांना ती ओल, तो कोंदटपणा लगेच ओळखू येतो. पण सिनेमातला हस्तर, सोन्यावर बसलेला शापित देव, नीट बघा. ओंगळ आहे, अंगावर येतो, तरी शेवटी तो भुकेला जीव आहे, पिठाच्या बाहुलीला भुलणारा. सिनेमाचा नायक विनायक मात्र पोट भरलेला माणूस. पुण्यात बिऱ्हाड, बायको, पोरं, वर ठेवलेली बाई. आणि तरी हा दोराला लोंबकळत हस्तर राहतो त्या देवीच्या लिबलिबीत गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो आणि हस्तरच्या लंगोटाला हात घालून सोन्याच्या मुद्रा ओढतो! हस्तरला पाहून मी दचकले, पण शहारा आला तो विनायक पोटच्या पोराला हीच विद्या शिकवायला लागतो तेव्हा. पुढे बापलेक एकाऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर. हावरटपणावर व्याख्यान न देता एवढं सांगणारा दुसरा सिनेमा मला आठवत नाही.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या सोसायटीत साडेदहाला जिने सामसूम व्हायचे. काय होतं त्यात? घरातले कर्ते अण्णा गेले, मुलं गावच्या घरी जमली, आणि वाटणीचा विषय निघाला. झालं! दुसऱ्या भागात कथा मागे गेली आणि जिवंत अण्णा समोर आले, ते तर मेलेल्या अण्णांपेक्षा भयंकर. अण्णा झालेले माधव अभ्यंकर नुसते ओसरीवर बसून बघायचे तरी घरातल्या बायका अंग चोरून चालायच्या. तिसऱ्या भागाबद्दल न बोललेलंच बरं.

'लपाछपी' (२०१७) ज्यांनी सोडलाय त्यांनी आधी तो बघा, मग हिंदी 'छोरी'. दिग्दर्शक तोच, विशाल फुरिया. भर दुपारचा उसाचा फड, डोक्याच्या वर पात, कुठून आलो आणि कुठे जायचं काही कळत नाही. आणि कुणाचं मूल जगू द्यायचं याचा हिशोब करणारी माणसं. तिथेही शेवटी वारसच.

कुणी म्हणेल, हे मराठी कौतुक झालं. तसं नाही. 'रोझमेरीज बेबी' (१९६८) मधला नवरा काय करतो? नाटका-सिनेमात कामं मिळावीत म्हणून शेजाऱ्यांशी बायकोच्या गर्भाचा सौदा करतो. रामगोपाल वर्माच्या 'भूत' (२००३) मधला नवरा, आधीची भाडेकरू बाल्कनीतून पडून मेली हे कळूनही फ्लॅट घेतो आणि बायकोला सांगत नाही. एजंटच्या तोंडून 'चांगलं डील आहे, मॅडम' ऐकलं की मला आजही तो सिनेमा आठवतो. 'हेरेडिटरी' (२०१८) मध्ये तर आजीने मागे ठेवलेलंच सगळं घर निस्तरत बसतं. त्यातला एक प्रसंग मी विसरूच शकत नाही (न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडा). गाडीत बहीण मेलीये. भाऊ कुणाला काही न सांगता घरी येऊन अंथरुणात पडतो. उजाडतं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि आपल्याला फक्त ऐकू येतं: आई गाडीकडे गेली. मग तिची किंकाळी.

'एक्सॉर्सिस्ट' (१९७३) चंही तेच. गर्रकन फिरणारी मान आता पोरांना विनोदी वाटते. पण मुलीच्या मानेत सुई घालून केलेली तपासणी, त्या यंत्राचा खडखडाट, आणि एवढं करून डॉक्टरांकडे उत्तर नाही, हे बघताना अजूनही पोटात कालवतं. आपल्याकडच्या नकलांनी मान उचलली, हतबल आई तिथेच सोडली.

आता 'मुंज्या' (२०२४). सुरुवातीची काही मिनिटं, ते कोकणातलं झाड आणि हट्टाला पेटलेला पोरगा सख्ख्या बहिणीला ओढत नेतो, ते खरोखर अंगावर येतं. मग कथा पुण्यात येते आणि भुताला कॉमेडीचा क्लास लावल्यासारखं होतं. 'स्त्री' (२०१८) ने हे गणित जमवलं होतं, मान्य. पण ते चाललं म्हणून आता प्रत्येक भुताने दर पाच मिनिटांनी हशा मिळवायचा, हा कुठला न्याय? हसवायचंच असेल तर तात्या विंचू होता की. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्यांचा बाहुला. 'झपाटलेला' (१९९३) ने आम्हाला हसवलं आणि रात्री कपाटावरच्या बाहुल्या उलट्याही करून ठेवायला लावल्या.

ओटीटीवर तर अंधारात कुणीतरी पाण्याचा ग्लास घ्यायला उठतं, मागून काळं काहीतरी सरकतं आणि धाडकन आवाज होतो. दचकतो आपण. दचकायला तर कुकरची शिट्टीही पुरते.

पुण्यात एवढे वाडे पडले, एवढ्या केसेस तीन-तीन पिढ्या चालू आहेत, सात-बाराव्या मजल्यावर नव्या फ्लॅटमध्ये म्हाताऱ्या सासवा जुन्या चौकातल्या तुळशीची आठवण काढतायत. रीडेव्हलपमेंटवर एकही धड भयपट अजून का निघाला नाही? सोसायटीच्या एका जनरल बॉडी मीटिंगला कुणी लेखकाने येऊन बसावं. चहा मी देते.