गोवर म्हणे 'इंडियातला रोग'

आज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोरांटोच्या भाच्याचा मेसेज. पुढच्या महिन्यात येतोय, लेक तीन वर्षांचा, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दिलेली नाही. "उगाच घाबरवू नका, गोवर हा इंडियातला रोग आहे." खाली चार जणांचे अंगठे! डोकंच फिरलं माझं.

बाबा रे, तुझ्या कॅनडानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये गोवरमुक्तीचा दर्जा गमावला. वर्ष उलटलं तरी साथ थांबेना म्हणून.

२०२२ ला मुंबईत गोवंडी-धारावीकडे गोवर पसरला, तेव्हा पुतणी केमोसाठी साताऱ्याहून आमच्याकडे राहिली होती, आठवतंय ना? पोरीच्या लशी वेळेवर झाल्या होत्या, पण केमोने सगळी ताकद धुऊन नेलेली. आणि ही जिवंत विषाणूची लस, त्या काळात परत देताही येत नाही. मजल्यावरच्या एका मुलासोबत ती लिफ्टमधून खाली आली. दोन दिवसांनी त्याच्या अंगावर पुरळ. त्याची आई शांतपणे म्हणते, "आमचा नॅचरल इम्युनिटीवर विश्वास आहे." तुझा विश्वास, बाई, आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी) धावपळ आमची!

"आजारी असलो तर घरी बसू" हेही ऐकून झालंय. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल गोवर वाटत फिरतं. ते निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहतो. त्या लिफ्टमध्ये पोरगं ठणठणीत दिसत होतं हो.

लशीने ताप येतो, अंग कणकणतं. येतो, मान्य.

आणि गोवंडीतल्या आयांना मी बोलत नाहीये. कोविडमध्ये डोस राहिले, खाडा केला की रोज बुडतो. पॅसिफिकमधल्या सामोआ या छोट्या बेट-देशातल्या आयांवरही राग येत नाही. २०१८ मध्ये तिथे नर्सनी लस कालवताना पाण्याऐवजी भलतंच औषध घातलं, दोन बाळं गेली. कोण आई घाबरणार नाही? लसीकरण काही महिने बंदच पडलं. २०१९ मध्ये न्यूझीलंडहून गोवर आला आणि ८३ जीव घेऊन गेला, बहुतेक पाच वर्षांच्या आतले. शेवटी सरकारने सगळं बंद ठेवून घरोघरी लस दिली. लस राहिलेल्या घरांनी बाहेर लाल कापड लावायचं. लिहितानाही कसंतरी होतंय.

पण तुझं काय रे? दवाखाना दारात, लस फुकट, शिक्षण भरपूर. पुतणी आता शाळेत जाते, तरी लिफ्टमध्ये कोणी खोकलं की वहिनी तिला अजून मागे ओढते.

पुढच्या महिन्यात ताईच्या नातीचं उष्टावण आहे. आपल्याकडे गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, तोवर ती पोर आपल्या सगळ्यांच्या भरवशावर. निघायच्या किमान दोन आठवडे आधी लेकाला टोचून आण. नसेल जमत, तर उष्टावणाचे फोटो ग्रुपवर टाकूच.