बोंजोर्नोंच्या नावावर मान्झींचे काम

माझी भाची पुण्यात इटालियन शिकते. तिने निबंधासाठी आधार म्हणून घेतलेला मजकूर सध्या सगळीकडे फिरत आहे. त्याचा आशय असा: इटालियन दूरदर्शनचे जनक, निवेदक माइक बोंजोर्नो यांनी लाखो निरक्षरांना लिहायला-वाचायला शिकवले, एकट्याने देशाला एक भाषा दिली, म्हणून लेखक-विचारवंत उंबेर्तो एको यांनी त्यांना आदर्श पुरुष ठरवले, आणि हे सारे नाझींच्या कैदेतून वाचलेल्या माणसाने केले.

‘जनक’ हा शब्द लगेच सोडून द्यावा. 3 जानेवारी 1954 रोजी नियमित प्रसारण सुरू झाले, त्याच दिवशी बोंजोर्नोंचा कार्यक्रम लागला हे खरे. परंतु दूरदर्शन उभे केले ते ‘राय’ या सार्वजनिक संस्थेने.

साक्षरतेचा दावा मात्र संतापजनक आहे, कारण तो एका शिक्षकाचे आयुष्यभराचे श्रेय हिरावून घेतो. प्रौढांना अक्षरे शिकवणारा कार्यक्रम आल्बेर्तो मान्झी यांचा होता. 1951 च्या जनगणनेत इटलीतील सुमारे 13 टक्के लोक निरक्षर होते. अशा देशात या प्राथमिक शिक्षकाने 1960 ते 1968 या काळात, शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने, मोठ्या कागदावर कोळशाने चित्रे काढत अक्षरे शिकवली आणि घरी दूरदर्शन संच नसलेले लोक खास केंद्रांत एकत्र बसून ती गिरवत. जवळपास 15 लाख प्रौढांनी यातून प्राथमिक प्रमाणपत्र मिळवले, असा अंदाज दिला जातो. बोंजोर्नो त्या काळात प्रश्नमंजूषा आणि सान रेमोचा संगीत महोत्सव सादर करत होते. ते कामही लहान नव्हे: 1955 साली सुरू झालेल्या ‘लाशा ओ राद्दोप्पिया’ या त्यांच्या प्रश्नमंजूषेसाठी चित्रपटगृहांत दूरदर्शन संच बसवावे लागले, आणि 1959 मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी त्यांच्यासमोर अळंब्यांवरील प्रश्नांची उत्तरे देऊन 50 लाख लिरा जिंकले. पण प्रश्न विचारणे म्हणजे मुळाक्षरे शिकवणे नव्हे.

एक भाषा दिल्याच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात प्रमाण इटालियनच्या प्रसाराचे श्रेय दूरदर्शनला जरूर दिले. मात्र त्याबरोबर शाळा, सक्तीची लष्करी सेवा, वृत्तपत्रे आणि दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे झालेले स्थलांतर यांनाही दिले. ‘एकट्याने’ हा शब्द तिथे टिकत नाही.

एकोंच्या नावाचा वापर तर त्यांचे लेखन न वाचताच केलेला आहे. त्यांचा 1961 चा निबंध हे बोंजोर्नोंचे कौतुक नसून कठोर विश्लेषण आहे: हा निवेदक स्वतःचे अज्ञान लपवत नाही, अगदी साधी भाषा वापरतो, आणि त्यामुळे कोणत्याही प्रेक्षकाला त्याच्यासमोर कमीपणा वाटत नाही, असे एको दाखवतात. त्यांच्या लेखी हा माणूस सर्वसाधारणपणाचा नमुना होता.

कैदेचा मुद्दा मात्र खरा आहे. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि तोरिनोत वाढलेल्या या तरुणाने नाझीविरोधी प्रतिकारकांना साहाय्य केले, त्याला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडले, मिलानच्या सान व्हित्तोरे तुरुंगात आणि नंतर बोल्झानोच्या छावणीत ठेवले, आणि शेवटी कैद्यांच्या अदलाबदलीत त्याची सुटका झाली.