लसणाच्या रसाने नाक वाचवणाऱ्यांना

चवथ होऊन गेली, पाऊस ओसरला, सड्यावरचं गवत तुऱ्यावर आलं की डिचोलीची माझी मामी शिंकायला लागते. एका दमात दहा-बारा शिंका. गेली तीन वर्षं ती रोज सकाळी नाकात मोमेटासोनचा, म्हणजे ॲलर्जीवरच्या एका स्टेरॉइडचा, स्प्रे मारून हे दिवस निभावत होती. यंदा स्प्रे बंद. का, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढकलपत्र आलं: 'नाकातला स्प्रे म्हणजे स्टेरॉइड. तो नाकाचं आतलं अस्तर कुरतडतो. रक्तात जाऊन हाडं ठिसूळ करतो. एकदा लागला की सुटत नाही, आणि आराम तर पडतच नाही. त्यापेक्षा लसणाचा रस दोन-दोन थेंब नाकात घाला.' मामीने घातला. परवा गेले तेव्हा नाकपुड्या लालबुंद, डोळ्यांना धार, आणि शिंका होत्या तशाच.

म्हणून आधी लसूणच घेते. ठेचलेला लसूण नुसत्या कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. ती हातापायाची राठ कातडी. नाकातलं अस्तर ओलं, नाजूक, त्यावर धूळ बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस. अस्तराची काळजी म्हणून स्प्रे टाकायचा आणि त्याच अस्तरावर लसूण पिळायचा! वर 'बघ, किती घाण बाहेर पडली' म्हणायचं. अहो, ती घाण नाही. डोळ्यात मिरची गेली की पाणी येतं, तसं ते पाणी.

आता कुरतडण्याचं. अस्तर कुरतडलं जातं हे खरं, पण ते काम ॲलर्जी करते. गवताचे परागकण नाकात बसले की अस्तरातल्या मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सोडतात. शिंका, खाज, पाणी, सगळं काही मिनिटांत. आपल्याला एवढंच दिसतं. खरी नासधूस काही तासांनी सुरू होते: इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून अस्तरात घुसतात आणि त्यांच्यातली विषारी प्रथिनं अस्तराच्या पेशींना इजा करतात. रोज पराग, रोज ही धाड. मग अस्तर इतकं हुळहुळं होतं की हंगामाच्या शेवटी चिमूटभर परागही पुरतात. स्टेरॉइडचा स्प्रे या इओसिनोफिलना बोलावणारे निरोपच कमी करतो. धाड थांबली की अस्तराला भरून यायला सवड मिळते.

हे तोंडचं सांगत नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारमाही ॲलर्जीच्या रुग्णांनी सलग 12 महिने मोमेटासोन नाकात मारलं. आधी आणि नंतर त्यांच्या नाकातल्या अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अस्तर झिजलेलं आढळलं नाही. उलट इओसिनोफिल कमी झाले होते आणि केसाळ पेशींचं धड अस्तर वाढलेलं दिसलं. ते रुग्ण आमच्या मामीसारखे गवताचे नव्हेत, मान्य. पण मामीचा स्प्रे तर हंगामापुरताच असतो, तिथे वर्षभर मारून पाहिलं होतं.

ही भीती आली कुठून तेही कळतं. गोरं व्हायला म्हणून चेहऱ्याला स्टेरॉइडची मलमं महिनोन्महिने चोपडतात, आणि मग कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात. ते खरंच आहे. पण मलमाचा दोष स्प्रेच्या माथी मारून चालत नाही.

हाडांचं: मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन मारले तरी दिवसाला 200, आणि त्यातलं रक्तात पोचतं ते 1 टक्क्याहूनही कमी. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर हाडांची चिंता जरूर करा.

'सुटत नाही' हे अर्धं खरं, पण भलत्याच औषधाबद्दल. फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळणारे, नाक झटक्यात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की नाक उलटं जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा तेच थेंब घालतो. त्यात स्टेरॉइड नसतं. आणि 'आराम पडत नाही' म्हणणाऱ्याने बहुतेक दोन दिवस मारून बाटली कपाटात ठेवलेली असते. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून गवत तुऱ्यावर यायच्या आधीच सुरू करायचा असतो.

एक गोष्ट मात्र ढकलपत्रात नव्हती, तीही सांगते. या स्प्रेने काहींच्या नाकातून थोडं रक्त येतं, नाक कोरडं पडतं. मामीला मागच्या वर्षी आलं होतं, म्हणूनच तर तिला ते 'कुरतडणं' पटलं. तिला मारून दाखवायला सांगितलं, तर उजव्या हाताने उजव्याच नाकपुडीत, टोक सरळ मधल्या पडद्यावर. रोज त्याच जागी फवारा! मग रक्त नाही तर काय येणार? उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. मान थोडी खाली, टोक कानाच्या दिशेला, आणि जोरात ओढायचं नाही. तरीही रक्त येत राहिलं तर डॉक्टरांना नाक दाखवायचं. सध्या लसणाची आग शमेपर्यंत ती उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुते आहे. स्प्रे कधी सुरू करायचा ते सोमवारी तिच्या डॉक्टरांना विचारू. डाव्या हाताची सवय होईना, म्हणून रिकाम्या बाटलीवर सराव चाललाय.